आत्यांचा गुलाब आणि माझी कात्री

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



परसबागेतल्या भाज्यांबद्दल आपण बरंच बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांतून निरोप आला, ताई, आता एखाद्या फुलझाडाचं सांगा. म्हणून आज गुलाब घेतलाय. पण लग्नाच्या स्टेजवर दिसतो तो लांब दांड्याचा गुलाब नाही, आणि गुलकंदाचा गावठी गुलाबही नाही. आज सांगायचंय ते जुन्या घरांच्या, जुन्या बंगल्यांच्या अंगणात कुठेकुठे अजून तग धरून असलेल्या एका गुलाबाबद्दल. इंग्रजीत त्याला टी रोज म्हणतात. टी म्हणजे आपला चहाच. हे नाव मी बैठकीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे चहाचा चोथा घालून वाढवतात तो का गं?” सगळ्या हसल्या. चोथ्याचंही सांगते, पण नंतर.

आधी तो ओळखायचा कसा ते ऐका. याचा नवा फुटवा तांबूस, कधीकधी अगदी वांग्यासारखा जांभळट. पानं गुळगुळीत, चकचकीत. काटे थोडे, पण मोठे आणि आकडीसारखे वाकलेले. कळी लांबट, निमुळती. आणि मुख्य खूण म्हणजे फूल उमललं की देठाला त्याचं वजन पेलवत नाही, फूल खाली बघतं. रंग बहुतेक फिके. सायीसारखा, फिकट पिवळा, पिवळसर गुलाबी. आपल्या हवेत झाड बारा महिने हिरवं राहतं आणि बहर थोड्या थोड्या आठवड्यांनी परत परत येतो. वास हलका. चहापत्तीचा नवा पुडा फोडल्यावर येतो तसा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मला विचाराल तर तो चहासारखा वाटतो फक्त सकाळी, ऊन चढायच्या आधी. दुपारी नुसता गोडसर.

आता मी या झाडाच्या वाटेला कशी गेले ते सांगते. त्यात माझी चूक आहे, आणि तीच चूक तुमच्यातल्या कितीतरी जणी येत्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास करणार आहेत.

आमच्या अंगणात तुळशीच्या मागे असा एक गुलाब होता. माझे आजेसासरे पाचगणीला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. तिथली एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी घरी आणली, असं आत्या सांगतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा ते झाड माझ्या डोक्याच्याही वर होतं आणि चारपाई मावेल एवढं पसरलेलं. पिवळट गुलाबी फुलं यायची. आत्या रोज सकाळी एकच फूल तोडायच्या, देवाला. बाकीची झाडावर.

सहा वर्षांपूर्वी मी एका फुलशेतीच्या प्रशिक्षणाला गेले. तिथे शेतातल्या गुलाबाची छाटणी शिकवली. पाऊस संपला की ऑक्टोबरात झाड गुडघ्याएवढं ठेवायचं, फांदीवर चार-सहा डोळे राखायचे, बाकी सगळं कापायचं. त्यांनी चुकीचं काही सांगितलं नाही, ज्या गुलाबासाठी सांगितलं त्याला ते बरोबरच आहे. मी घरी आले, नवी कात्री हातात, अंगात उत्साह, आणि आत्या शेतात गेल्या असताना तुळशीमागचा गुलाब दीड फुटांवर आणला. मला वाटलं, बघा आता कसा फुलतो.

आत्या संध्याकाळी आल्या. काही बोलल्या नाहीत. फांद्यांचा ढीग उचलून परड्यात ठेवला.

दिवाळीनंतर चार-दोन कोंब आले. फाल्गुनात उन्हं चढली तसे ते सुकले. मग जाड फांद्या वरून काळ्या पडत खाली खाली येऊ लागल्या. याला शेंडेमर म्हणतात. वैशाखात झाड वठलं. आत्या तरी आषाढापर्यंत त्याला पाणी घालत होत्या, आणि ते बघणं मला कुठल्याही बोलण्यापेक्षा जड गेलं.

मग मी शोध घेतला. फळबाग-फुलबागेचं शिक्षण घेतलेल्या एका बाईंना विचारलं, मोबाइलवर वाचलं. तेव्हा कळलं की गुलाब म्हटला तरी सगळ्यांचा स्वभाव एक नाही.

बाजारात आपण जो डौलदार गुलाब घेतो तो बहुतेक हायब्रिड टी जातीचा असतो, म्हणजे टी रोजचा संकर. १८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब निघाला, त्याला या संकराचा पहिला मान देतात. या नव्या गुलाबाची जुनी फांदी दोन-तीन वर्षांत थकते आणि बुडातून जोमदार नवे फुटवे येतात. म्हणून त्याला दरवर्षी कापून नवं करावं लागतं. त्याचा पूर्वज असलेला टी रोज मात्र असा वाढत नाही. तो फांदीवर फांदी रचत जातो. जुन्या जाड फांदीतून काडी, काडीतून आणखी बारीक काडी, आणि फुलं त्या जाळ्याच्या टोकाला. शिवाय थंड देशातल्या गुलाबांसारखा तो पानं टाकून झोपत नाही. त्याची शिदोरी त्या जुन्या फांद्यांत आणि हिरव्या पानांतच असते. आपल्या गटाची सगळी शिल्लक एका दिवसात बँकेतून काढून घेतली तर पुढच्या महिन्यात कर्ज कुठून देणार? मी त्या झाडाचं तेच केलं होतं.

तेव्हा लक्षात ठेवा, टी रोजची छाटणी म्हणजे फक्त साफसफाई. वाळलेली काडी काढा, रोगट काढा, आत एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक काढा. सुकलेलं फूल थोड्याशा देठासह, खालच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत कापा. फारच आडवंतिडवं वाढलं तर वरचा पाव हिस्सा, आणि तोसुद्धा एकदम न काढता दोन-तीन वेळा करून. आणि पहिली दोन-तीन वर्षं तर वाळकी काडी सोडून कशालाच हात लावू नका. ते झाड हळू वाढतं. पहिल्या वर्षी बघून तुम्हाला वाटेल, हे काही जगत नाही. जगतं.

या झाडाचं मूळ सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. विलायती फूल म्हणतो आपण, पण त्याचं आजोळ इकडचंच. रोझा जायगँटिया नावाचा एक मोठा रानगुलाब आहे, झाडांवर उंच चढणारा, मोठ्या फिकट फुलांचा. तो ईशान्य भारतात मणिपूरच्या डोंगरांत, म्यानमारमध्ये आणि चीनच्या युनान भागात आपोआप उगवतो. त्याचा आणि चीनमधल्या बारमाही गुलाबाचा संकर म्हणजे हा टी रोज. चिनी लोकांनी तो बागेत कधीचाच वाढवला होता. इंग्लंडला पहिला टी रोज पोहोचला १८१० च्या आसपास, फिकट गुलाबी रंगाचा. पिवळा पोहोचला १८२४ साली. तिथल्या थंडीत तो बाहेर टिकेना, म्हणून श्रीमंत लोक त्याला काचेच्या घरात ठेवायचे. आपण त्याला न्हाणीच्या कडेला लावतो आणि तो फुलतो. बर्फ नसलेल्या मुलखाचंच झाड आहे ते. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या विरू वीरराघवन नावाच्या गृहस्थांचं ऐका. सरकारी नोकरी लवकर सोडून ते गुलाबाच्या मागे लागले आणि याच मणिपुरी रानगुलाबापासून उष्ण हवेला मानवतील असे नवे गुलाब त्यांनी तयार केले. थंड देशातल्या गुलाबांना आपल्या उन्हात औषधं मारून जगवण्यापेक्षा हे बरं, नाही का?

आता लागवडीचं. जागा अशी निवडा की सकाळचं ऊन चांगलं मिळेल, निदान पाच-सहा तास. दुपारनंतर भिंतीची सावली आली तर उत्तम, आपल्याकडचा मार्च-एप्रिल त्याला सोसतो. मोठ्या झाडाखाली नको. आणि जागा मोकळी ठेवा. चारही बाजूंनी अडीच-अडीच फूट सोडायलाच हवेत, कारण हे झाड चार-पाच फूट उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद होतं. वाटेच्या कडेला लावलंत तर पुढे वाट अडते म्हणून कापाल, आणि कापणं तर नको आहे.

काळी चिकण माती असेल तर खड्डा करून त्यात लावू नका. पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते आणि मुळं कुजतात. तिथे आधी माती हलकी करा, मुरूम किंवा जाड वाळू मिसळा आणि वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. तांबडी, निचऱ्याची जमीन असेल तर दीड-दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्या. भरताना निघालेली माती, दोन घमेली शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं, हातात घेतलं तर मातीसारखं. ओलं शेण घातलंत तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. पाऊस सुरू झाला की लावा, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात.

पाणी रोज तांब्याभर घालण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी बादलीभर घाला, म्हणजे मुळं खोल जातात. पावसाळ्यात बंद, कडक उन्हाळ्यात माती बोटभर उकरून बघा आणि ठरवा. पाणी बुडाशी. संध्याकाळी पानं भिजवलीत तर रात्रभर ओल राहते आणि पानांवर काळे ठिपके येतात. न्हाणीचं साबणाचं आणि भांडी घासल्याचं पाणी गुलाबाला नको, त्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालेल. बुडाभोवती उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भूस तीन-चार बोटं जाड पसरा, खोडापासून मात्र वीतभर लांब.

आणि आता चोथा. दूध-साखर घातलेल्या चहाचा चोथा तसाच टाकला की मुंग्या येतात, बुरशी येते. तो दोन पाण्यांनी धुवा, उन्हात वाळवा, आणि महिन्यातून मूठभर मातीत मिसळा. नुकसान नाही. पण त्यावर झाड पोसेल असं समजू नका. खत म्हणजे शेणखत किंवा गांडूळखत, दर बहरानंतर दोन-तीन ओंजळी. आमच्याकडे एका काकूंनी गुलाबाला आठवडाभर कपबशीतला उरलेला चहा घातला होता. नाव चहाचं म्हणून! झाड वाचलं, पण मुंग्या घरात शिरल्या.

किडीचं थोडक्यात सांगते. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. नाही गेला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण, संध्याकाळी फवारणी. उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळी आणि लालसर ठिपके दिसले तर तो लाल कोळी, त्यालाही पानांच्या खालून पाण्याचा मारा, पण सकाळी. शेंडेमर दिसली तर काळं संपून आतला गाभा पांढरा दिसेल तिथपर्यंत कापा आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद आणि चुन्याची असते ती. इथे कात्री चालवायलाच हवी.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगते, कारण तिथे शिकलेल्या बायासुद्धा फसतात. रोपवाटिकेतला गुलाब बहुतेक डोळा भरलेला असतो. खाली रानटी गुलाबाचा खुंट, त्याला ब्रायर म्हणतात, आणि वर चांगली जात. त्या खुंटाला फुटवा आला तर तो काढायचाच, नाहीतर खुंट वरच्याला खाऊन टाकतो. हे आपण शिकलोय. पण काडीपासून आलेला टी रोज स्वतःच्या मुळांवर असतो. त्याच्या बुडातून येणारा फुटवा त्याचाच. त्याचं पुढचं आयुष्यच. तो तांबडा जाड कोंब ब्रायर समजून मोडू नका. पाच पानांचा तो चांगला आणि सात पानांचा तो जंगली, असं मोजायला सांगतात, त्यावर जाऊ नका. टी रोजला पाचही असतात, सातही असतात. खालच्या फुटव्याचं पान आणि वरच्या फांदीचं पान शेजारी धरा. रंग, चकाकी, काट्याचा आकार जुळला तर तो घरचा. नाही जुळला तर पाहुणा, काढा.

या स्वतःच्या मुळामुळेच आमचा गुलाब परत आला. माझी नणंद भोरकडे दिली आहे. लग्नानंतर पहिल्या नागपंचमीला माहेरी आली तेव्हा तिने या झाडाची काडी सासरी नेली होती. हे घरात कोणाच्या लक्षातही नव्हतं. मी फोनवर रडतरडत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, श्रावणात ये. माझ्याकडे आहे.” मी गेले. तोच रंग, तीच मान खाली.

काडी कशी लावायची ते ऐका. नुकतंच फूल येऊन गेलेली फांदी निवडा, पेन्सिलीएवढी जाड, अगदी कोवळीही नको आणि जुनाट लाकूडही नको. वीतभर काडी, तिच्यावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, तिरका, धारदार पात्याने. चेंगरली तर ती काडी फेका. वरची एक-दोन पानं ठेवा, बाकी काढा. बुडाला मूळ फुटायची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, ती लावा. आमच्यातल्या काही कोरफडीचा गर लावतात. निम्मी वाळू, निम्मी चाळलेली माती किंवा कोकोपीट, पिशवीत भरून, दोन डोळे आत जातील अशी काडी खोचा. वर प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून टोपीसारखं घाला, म्हणजे आत ओलावा राहतो. सावलीत ठेवा. आणि रुजली का बघायला उपटू नका! चार ते आठ आठवडे लागतात. पावसाळा आणि हिवाळा हे दोन हंगाम चांगले, उन्हाळ्यात हा खटाटोप करू नये. मी नणंदेकडून दहा काड्या आणल्या, तीन जगल्या. गेल्या वर्षी गटाने चाळीस लावल्या, तेरा जगल्या. नव्या गुलाबाच्या मानाने हे कमीच, पण फुकटचं आहे.

आता काही जणी विचारतील, याची फुलं विकता येतील का? खरं सांगायचं तर नाही. देठ मऊ, मान वाकडी, फूल उन्हाळ्यात दोन दिवसांत गळतं. म्हणून तर बाजाराने हायब्रिड टी धरला आणि याला सोडलं. त्याच्या फुलांच्या हिशोबावर गटाचं कर्ज काढू नका. रोपं मात्र थोडीफार जातात, कारण जुना वासाचा गुलाब शोधणारी माणसं आहेत. पण विकताना नाव ठोकून देऊ नका. जगात या गुलाबाच्या नावाजलेल्या जाती आहेत, १८५७ सालची गुलाबी ‘डचेस द ब्रबाँ’, १९१० सालची जर्दाळूच्या रंगाची ‘लेडी हिलिंग्डन’. आमचा यांतला कुठला, का तिसराच, कोण सांगणार? अटलांटिक महासागरात बर्म्युडा नावाचं छोटं बेट आहे, तिथे बर्फ नाही, त्यामुळे हे गुलाब मजेत वाढतात. तिथल्या गुलाबप्रेमींनी १९५४ साली संस्था काढली आणि जुन्या अंगणांतून, कबरस्तानांतून नाव हरवलेले गुलाब काडीने जपले. नाव माहीत नसलं की जिथे सापडला त्या जागेचं किंवा घराचं नाव देऊन ठेवतात. आम्हीही तसंच केलं. पिशवीवर चिठ्ठी लावतो, ‘आत्यांचा गुलाब, टी रोज असावा’.

जगलेल्या तिनातलं एक रोप तुळशीमागे परत लावलं. लावलं आत्यांनीच, मला हात लावू दिला नाही. पहिल्या वर्षी कळ्या खुडायच्या असतात, म्हणजे झाडाचा जोर मुळांकडे जातो. मी तसं म्हटलं तर आत्या म्हणाल्या, “तू कात्री घेऊन लांब उभी राहा.” कळ्या त्यांनीच खुडल्या, पण एक ठेवली, देवासाठी. आता झाड माझ्या कमरेएवढं झालंय.

ज्यांना काड्या हव्या असतील त्यांनी श्रावणात आपल्या गटाच्या सहयोगिनीकडे नाव द्या. येताना ओलं फडकं आणि प्लास्टिकची पिशवी आणा. आणि ज्यांच्या परड्यात असा जुना गुलाब आहे त्यांनी या ऑक्टोबरात तो कापायच्या आधी मला एकदा बोलवा. मी येते बघायला.